पेज फाइल बंद ठेवू नका: आठ जीबीच्या मशीनवरची व्हर्च्युअल मेमरी

खानापूरहून एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्यांचं लग्नपत्रिका, फोटो अल्बम आणि झेरॉक्सचं दुकान आहे. मशीनमध्ये ८ जीबी रॅम. गेल्या महिन्यात जुन्या हार्ड डिस्कच्या जोडीला २४० जीबीची एसएसडी बसवून घेतली आणि विंडोज तिच्यावर टाकून घेतलं. मशीन आता पटकन सुरू होतं, पण तेव्हापासून कोरलड्रॉ, फोटोशॉप आणि क्रोम एकत्र उघडले की 'युअर कॉम्प्युटर इज लो ऑन मेमरी' अशी पाटी येते आणि कोरल सेव्ह न करताच बंद होतं. टास्क मॅनेजरमध्ये मात्र दोन-अडीच जीबी रॅम मोकळी दिसते. एसएसडी बसवणाऱ्याने जाताना व्हर्च्युअल मेमरी बंद केली होती, 'एसएसडी झिजत्ये, आणि बंद केल्यावर मशीन फास्ट होतंय' म्हणून. ताई विचारतात: ती रॅमच्या दीडपट करून पुन्हा चालू करू का, नेमका किती आकडा घालू, की रॅमच वाढवू?

ताई, आधी उत्तर देतो, मग कारणं. पेज फाइल, म्हणजे रॅमच्या जोडीला विंडोज डिस्कवर राखून ठेवतं ती जागा, आजच सुरू करा. सेटिंगमध्ये तिलाच व्हर्च्युअल मेमरी म्हटलेलं असतं. आकडा स्वतः घालू नका, विंडोजवर सोडा. तेवढ्याने ती पाटी आणि कोरलचं मधेच बंद पडणं थांबेल. मशीनचा वेग मात्र त्याने वाढणार नाही. वेगासाठी आणखी ८ जीबी रॅम घाला. काम न तुटणं आणि काम भराभर होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात वीस-बावीस वर्षं मशीनं उघडतोय. व्हर्च्युअल मेमरीबद्दलचे जवळजवळ सगळे घोळ या दोन गोष्टी एक समजल्यामुळे झालेले मी पाहिले आहेत.

आता मोकळी रॅम दिसत असताना मेमरी संपली कशी, ते सांगतो. तुमच्याच धंद्यातलं उदाहरण घेऊ. लग्नाच्या कार्यालयात समजा दोनशे पानं बसतात. मागच्या अंगणात मांडव घातला तर आणखी दीडशे. यजमान पत्रिका वाटतो ते हिशेबाने: जेवढी पानं मांडता येतील तेवढ्यांनाच बोलावणं. बोलावलेले सगळे काही एका वेळी येत नाहीत, पण आले तर कुणाला उपाशी परत पाठवायचं नाही, असा त्याचा नेम. विंडोज हा असा यजमान आहे. कार्यालय म्हणजे रॅम, मागचा मांडव म्हणजे पेज फाइल. प्रोग्राम सुरू होताना आणि पुढे काम करताना विंडोजकडे मेमरी मागतो, ती मागणी म्हणजे पत्रिका. विंडोजच्या भाषेत तिला कमिट म्हणतात. एकदा हो म्हटलं की ती जागा त्या प्रोग्रामच्या नावावर धरली जाते, मग त्याने ती प्रत्यक्ष वापरो किंवा न वापरो. फोटोशॉप आणि क्रोम हे भरपूर पत्रिका घेऊन ठेवणारे पाहुणे. घेतात शंभर, येतात साठ.

तुमच्या मशीनवरचा मांडवच काढून टाकला आहे. त्यामुळे पत्रिका कार्यालयातल्या पानांएवढ्याच वाटता येतात, आणि त्या वाटून संपल्या. म्हणून आत पाव भाग जागा रिकामी दिसते, तरी नव्या पाहुण्याला बोलावणं देता येत नाही. अशा वेळी कोरलने थोडी मेमरी मागितली, विंडोजने नाही म्हटलं, आणि कोरल कोसळलं. दोष कोरलचा नाही. सगळ्यात जास्त जागा अडवून बसलेला प्रोग्राम दुसराच असतो. बंद पडतो तो, जो नेमका त्या क्षणी मागायला आला. माझ्याकडे 'कोरल खराब झालंय, नवीन टाकून द्या की ओ' म्हणून मशीन घेऊन येणारे असतात. कोरल तीन-तीनदा टाकून झालेलं असतं आणि मूळ दुखणं इथे असतं.

हे तुम्ही स्वतः पाहू शकता. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्समध्ये जाऊन मेमरीवर क्लिक करा. वरच्या आलेखाकडे सगळ्यांचं लक्ष जातं, पण तुमच्या कामाचा आकडा खाली आहे, 'कमिटेड' या शब्दाखाली. तिथे दोन आकडे तिरक्या रेघेने जोडलेले असतात. तुमच्याकडे कामाच्या गर्दीत ते ७.६/७.९ जीबी असे काहीतरी दिसतील. पहिला आकडा वाटून झालेल्या पत्रिकांचा, दुसरा एकूण पानांचा: रॅम आणि त्या वेळची पेज फाइल यांची बेरीज. तुमच्याकडे पेज फाइल नाही, म्हणून दुसरा आकडा रॅमएवढाच राहिला आहे. ८ जीबी रॅम असून ७.९ दिसतं, कारण थोडा भाग हार्डवेअरने राखून ठेवलेला असतो. पहिला आकडा दुसऱ्याला चिकटला की ती पाटी येते. शेजारच्या 'अव्हेलेबल'मध्ये दोन जीबी असोत की तीन, त्याने या हिशेबात फरक पडत नाही.

पेज फाइल सुरू करायला दोन मिनिटं पुरतात. स्टार्टच्या शोधखान्यात 'परफॉर्मन्स' टाइप करा. 'ॲडजस्ट द अपिअरन्स अँड परफॉर्मन्स ऑफ विंडोज' असं येईल, ते उघडा. वरचा ॲडव्हान्स्ड टॅब, त्यात खाली व्हर्च्युअल मेमरीचा चौकोन आणि 'चेंज' बटण. सगळ्यात वर एक चौकट आहे, 'ऑटोमॅटिकली मॅनेज पेजिंग फाइल साइझ फॉर ऑल ड्राइव्ह्ज'. तिच्यात टिक करा, ओके, ओके, आणि रीस्टार्ट. खरोखर रीस्टार्टच करा. विंडोज १० आणि ११ मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन करून पुन्हा चालू केल्यावर विंडोजचा गाभा नव्याने उभा राहत नाही, जुनाच डिस्कवरून उचलून आणला जातो. 'सेटिंग केलं, मशीन बंद करून चालू केलं, तरी काही झालं नाही' अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा हेच विचारतो. दुसरी नेहमीची चूक 'सेट' बटणाची. टिक न करता खालच्या पर्यायांतला एखादा निवडला आणि 'सेट' न दाबता ओके केलं, तर बदल होतच नाही. खिडकी काही न बोलता बंद होते.

विंडोजवर सोडल्यावर ते करतं काय? पेज फाइल सुरुवातीला लहान ठेवतं, आणि वाटलेल्या पत्रिका एकूण पानांच्या ९० टक्क्यांवर गेल्या की फाइल वाढवतं. तीही बेलगाम वाढत नाही. जास्तीत जास्त रॅमच्या तिप्पट किंवा ४ जीबी, यांतलं जे मोठं असेल तिथपर्यंत, आणि त्या ड्राइव्हच्या एकूण आकाराच्या आठव्या भागाच्या आत. तुमच्या ८ जीबी रॅमला म्हणजे २४ जीबीपर्यंत. २४० जीबीच्या एसएसडीवर तेवढी जागा निघते, फक्त सी ड्राइव्ह गच्च भरू देऊ नका. वीस-तीस जीबी मोकळी राहू द्या. अल्बमच्या जुन्या फाइली हार्ड डिस्कवर हलवा, त्यांना एसएसडीवर ठेवून काही मिळत नाही.

दीडपटीबद्दल. हा नियम मीही वर्षानुवर्षं पाळला. विंडोज एक्सपीच्या काळात विंडोज स्वतःच रॅमच्या दीडपट आकडा धरून चालायचं, आणि २५६ एमबी रॅमच्या मशीनवर ३८४ एमबीची पेज फाइल हे शहाणपणाचं होतं. रॅम महाग, कमी, आणि प्रोग्रामची भूक तिच्याहून मोठी. पण नियमाचा तर्क उलटा आहे, हे लक्षात यायला मला वेळ लागला. रॅम जितकी जास्त तितकी पेज फाइल मोठी, असं तो म्हणतो. खरं तर रॅम जास्त असेल तर मांडवाची गरज कमी व्हायला हवी. बेळगावच्या उद्यमबागमध्ये एका मशिनिंगच्या कारखान्यात डिझाइनचं मशीन होतं, ३२ जीबी रॅम आणि १२० जीबीची एसएसडी. कुणीतरी दीडपट हिशेब करून ४९१५२ एमबी असा आकडा दोन्ही चौकटींत घातलेला. म्हणजे ४८ जीबी फुकट अडवून ठेवलेले. विंडोज अपडेट जागा नाही म्हणून अडकायचं आणि तक्रार 'विंडोज खराब आहे' अशी. त्या मशीनवर सगळ्यात जड मॉडेल उघडलं तरी कमिटचा आकडा २६ जीबीच्या वर जात नव्हता. विंडोजवर सोडलं, फाइल काही जीबींवर आली, अपडेट त्याच संध्याकाळी झालं.

आता एसएसडीच्या झिजण्याकडे येऊ, कारण ताईंच्या मशीनवर सगळा घोटाळा त्या भीतीपायी झाला आहे. एसएसडीला लिहिण्याची मर्यादा असते, हे खरं. पण आकडे मांडून बघा. सॅमसंगच्या ८६० इव्हो या साध्या २५० जीबीच्या एसएसडीला कंपनीने १५० टेराबाइट लिहिण्याची हमी दिली होती. रोज २० जीबी लिहिलं, आणि पत्रिका-अल्बमच्या दुकानात ते भरपूर झालं, तर १५० टेराबाइट व्हायला साडेसात हजार दिवस लागतात, म्हणजे वीस वर्षं. त्याच्या आधी ते मशीन बदललेलं असेल. दुसरं असं की पेज फाइलवर लिहिण्यापेक्षा तिच्यातून वाचणं कितीतरी जास्त होतं. विंडोज ७ येत होतं तेव्हा, २००९ साली, मायक्रोसॉफ्टच्या इंजिनिअरांनी मोजमाप जाहीर केलं होतं: पेज फाइलमधून सुमारे ४० वाचनांमागे एक लेखन, आणि वाचलेले तुकडे बहुतेक अगदी लहान. लहान तुकडे इकडून तिकडून वाचणं हे एसएसडीचं सगळ्यात आवडतं काम आहे. पेज फाइल ठेवायला घरातली सगळ्यात योग्य जागा एसएसडीच आहे. ती तिथून काढून जुन्या हार्ड डिस्कवर नेणं म्हणजे चांगली जागा सोडून वाईट जागी जाणं. पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या यूएसबी डिस्कवर तर विचारही करू नका.

'बंद केल्यावर मशीन फास्ट होतं' हेही तपासून घेऊ. पेज फाइल बंद केल्याने डिस्कवरची ये-जा बंद होत नाही. रॅममध्ये दोन प्रकारचा ऐवज असतो. एक, प्रोग्रामचा स्वतःचा कोड आणि उघडलेल्या फाइली, ज्यांची मूळ प्रत डिस्कवर आहेच. दुसरा, प्रोग्रामने चालता चालता तयार केलेला माल: तुमचा अर्धा झालेला अल्बम, क्रोमच्या टॅबमधला मजकूर. पहिला माल विंडोज केव्हाही रॅममधून टाकून देऊ शकतं, लागला की मूळ फाइलमधून पुन्हा वाचतं. दुसऱ्याला ठेवायला पेज फाइलच लागते. ती नसेल तर सकाळपासून न बघितलेला क्रोमचा टॅब रॅममध्ये अडून बसतो आणि जागा करायला विंडोज कोरलचा आणि फोटोशॉपचा चालू कोड बाहेर काढतं. हातातलं काम बाहेर आणि पडून राहिलेलं आत. रॅम भरलेल्या मशीनवर पेज फाइल बंद केल्याने काम मंदच होतं. शिवाय विंडोज १० पासून, म्हणजे २०१५ पासून, विंडोज असा पडलेला माल डिस्कवर पाठवण्याआधी रॅममध्येच दाबून लहान करतं. टास्क मॅनेजरमध्ये 'इन यूज'च्या शेजारी कंसात 'कम्प्रेस्ड' असा आकडा दिसतो तो याचा.

ही कल्पना मुळात वेगासाठी निघालेलीच नाही. मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न यांच्या गटाने ॲटलस नावाचा संगणक बांधला, तो १९६२ साली सुरू झाला. त्याच्याकडे १६ हजार शब्दांची (शब्द म्हणजे इथे मेमरीतला एक कप्पा) कोअर मेमरी होती आणि ९६ हजार शब्दांचं फिरतं ड्रम. दोन्ही मिळून एकच मोठी मेमरी आहे असं प्रोग्रामला वाटावं आणि लिहिणाऱ्याला तुकडे इकडून तिकडे हलवत बसावं लागू नये, यासाठी त्यांनी ५१२ शब्दांची पानं पाडली. ही पंगतीतली पानं नव्हेत, इथे पान म्हणजे 'पेज', मेमरीचा ठरावीक आकाराचा तुकडा. तुमच्या मशीनवर आज तेच चाललं आहे, फक्त पान ४ केबीचं आहे आणि ड्रमच्या जागी एसएसडी.

वेगाबद्दल एक हिशेब मात्र मनात पक्का ठेवा. रॅममधून एखादी गोष्ट आणायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. हार्ड डिस्कवर डोकं जागेवर जाऊन चकती फिरून यायला १० ते १५ मिलिसेकंद. म्हणजे लाखपटीचा फरक. एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी लॅपटॉप घेऊन आला होता, ४ जीबी रॅम, ५४०० आरपीएमची हार्ड डिस्क. व्हिडिओ बघून त्याने व्हर्च्युअल मेमरी १६३८४ एमबी केली होती आणि अँड्रॉइड स्टुडिओ चालवायला बसला होता. माउसचा बाण एका जागी अर्धा मिनिट थांबायचा. रिसोर्स मॉनिटरमध्ये 'हार्ड फॉल्ट्स'चा, म्हणजे रॅममध्ये नसलेलं पान डिस्कवरून आणावं लागण्याचा, आलेख वरच्या रेघेला टेकलेला, डिस्क शंभर टक्के. अशी डिस्क सेकंदाला ऐंशीएक वेगवेगळ्या जागा वाचते. ४ केबीच्या पानांनी मोजलं तर सेकंदाला ३२० केबी. त्या वेगाने काही शे एमबी परत रॅममध्ये आणायचे तर पंधरा-वीस मिनिटं जातात. पोराने चूक केली असं मी म्हणणार नाही, त्याच्या प्रोग्रामला पत्रिका मिळाल्या होत्या म्हणून तो बंद तर पडत नव्हता. पण सगळ्या पंगती मांडवात बसवल्या आणि वाढपी एकच, अशी अवस्था. त्याला ८ जीबीची एक पट्टी आणि साधी एसएसडी घालून दिली. व्हर्च्युअल मेमरी विंडोजवर सोडली, पुन्हा तिकडे बघावं लागलं नाही.

हल्ली मोबाइलच्या दुकानांत '८ अधिक ८ जीबी रॅम' अशा पाट्या असतात. त्यातले दुसरे ८ हे हेच, स्टोरेजमधला मांडव. फोन घेताना पहिलाच आकडा धरून चाला.

ताईंच्या प्रश्नात नसलेली पण त्यांच्या दुकानात हमखास येणारी गोष्ट आता सांगतो, कारण ती व्हर्च्युअल मेमरीच्या नावाखाली खपते. फोटोशॉप 'स्क्रॅच डिस्क्स आर फुल' असं म्हणतं, तेव्हा पेज फाइलशी संबंध नसतो. फोटोशॉप आपला स्वतःचा वेगळा मांडव घालतं, त्याला स्क्रॅच डिस्क म्हणतात, आणि त्याचं विंडोजच्या पेज फाइलशी देणंघेणं नाही. अल्बमचं एक पान बघा. १२ बाय ३६ इंच, ३०० डीपीआय. म्हणजे ३६०० गुणिले १०८००, जवळपास ३ कोटी ८९ लाख पिक्सेल. प्रत्येकाला तीन बाइट धरले तर पान भरून टाकणारा एक थर सुमारे १११ एमबीचा. नवरा-नवरीचे फोटो, मागची नक्षी, सावल्या, मास्क असे पंधरा-वीस मोठे थर झाले की दोन जीबी गेले. वर हिस्टरी, म्हणजे मागे जाण्यासाठी साठवलेल्या प्रत्येक बदलाचा साठा वेगळा. फोटोशॉपची जेपीजी फाइल वीस एमबीची दिसते म्हणून 'एवढीशी फाइल आणि मेमरी कशी संपत्ये' असं वाटतं. उघडल्यावरचा आकार हा असा असतो.

म्हणून फोटोशॉपच्या प्रेफरन्सेसमध्ये दोन ठिकाणी हात घाला. परफॉर्मन्समध्ये मेमरी वापराचा आकडा मुळात ७० टक्क्यांवर असतो. तुम्ही कोरल आणि क्रोम सोबत चालवता, तर ८ जीबीच्या मशीनवर तो ५५ ते ६० वर आणा. कोरलला श्वास घ्यायला जागा राहील. दुसरं, स्क्रॅच डिस्क्समध्ये एसएसडी पहिली आणि हार्ड डिस्क दुसरी ठेवा. एसएसडी भरली तर काम अडण्याऐवजी हळू तरी चालू राहील. स्क्रॅच भरल्यामुळे फोटोशॉप उघडतच नसेल तर त्याच्या चिन्हावर डबल क्लिक केल्या केल्या कंट्रोल आणि ऑल्ट दाबून धरा, स्क्रॅच डिस्क निवडायची खिडकी आधी येते. तुम्ही एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला कन्नड पत्रिका करत असणार, श्रीलिपी आणि नुडी ही टायपिंगची दोन्ही सॉफ्टवेअरं, वर गोळा केलेले शेकडो फॉन्ट. रोज न लागणारे फॉन्ट काढून एका फोल्डरात ठेवा. व्हर्च्युअल मेमरीशी याचा थेट संबंध नाही, पण कोरल उघडायला लागणारा वेळ याने कमी होतो.

आकडा स्वतः घालावा असे प्रसंग थोडे आहेत. सी ड्राइव्ह इतका लहान की पेज फाइल मोठी होऊ दिली तर जागाच उरत नाही, किंवा एखादा प्रोग्राम एका झटक्यात इतकी मेमरी मागतो की विंडोजला फाइल वाढवायला सवड मिळत नाही, अशा मशीनवर मी आकडा घालतो. तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या मार्क रशिनोविच यांनी २००८ साली सांगितलेली रीत वापरतो. विंडोजच्या आतल्या कामकाजाबद्दल त्यांच्याइतकं स्वच्छ सांगणारा माणूस विरळा. रीत अशी: तुम्ही एका वेळी जे सगळं चालवता ते चालवा, आणि कमिटचा सर्वांत वरचा आकडा टिपा. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स या मोफत साधनांमधल्या प्रोसेस एक्सप्लोररमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघडलं की तो 'पीक' म्हणून दिसतो. त्यातून रॅम वजा करा. उरेल तो सुरुवातीचा आकडा, त्याची दुप्पट हा कमालीचा. तुमचं उदाहरण धरलं, पीक १३ जीबी आणि रॅम ८, तर उरले ५. इनिशियलमध्ये ५१२०, मॅक्सिममध्ये १०२४०. चौकटीत एमबी लिहायचे असतात, म्हणून १०२४ ने गुणायचं. पाच जीबी हवे म्हणून नुसता ५ लिहिलेला मी पाहिला आहे. वजाबाकी शून्याच्या खाली आली तरी सी ड्राइव्हवर थोडी पेज फाइल राहू द्या. निळी स्क्रीन आली तर तिचं कारण नोंदवणारी डंप फाइल विंडोज पेज फाइलच्या मदतीने लिहितं. पेज फाइल नाही, तर डंप नाही, आणि मग दुरुस्ती करणाऱ्याला अंधारात चाचपडावं लागतं. तो त्रास मी सोसला आहे.

पेज फाइल सुरू केल्यावरही पाटी आली तर आकडा वाढवत सुटू नका. तेव्हा काहीतरी गळतंय असं समजा. निपाणीत एका घाऊक व्यापाऱ्याच्या ऑफिसात रोज दुपारी चारच्या सुमाराला बिलिंगचं मशीन बसायचं. सकाळी सुरळीत, चार वाजता बंद. व्हर्च्युअल मेमरी आधी दोनदा वाढवून झाली होती. प्रत्येक वेळी वेळ तेवढी पुढे सरकायची, तीनची चार झाली होती. इव्हेंट व्ह्यूअर उघडला, विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टिम. 'रिसोर्स एक्झॉशन डिटेक्टर' या नावाने २००४ क्रमांकाच्या नोंदी होत्या, रोज एक. या नोंदीत विंडोज सगळ्यात जास्त मेमरी धरून बसलेल्या तीन प्रोग्रामांची नावं आणि बाइटमधले आकडे लिहून ठेवतं. पहिलं नाव बिलिंगचं नव्हतंच. स्कॅनरसोबत आलेला, घड्याळाशेजारच्या कोपऱ्यात बसलेला एक छोटा प्रोग्राम, आणि त्याच्यापुढे दहा आकडी संख्या, तीन जीबीच्या वरची. सकाळी तोच साठ एमबीवर असायचा. प्रत्येक स्कॅनमागे थोडी मेमरी घ्यायचा आणि परत द्यायचाच नाही. तो काढून स्कॅनरचा नवा ड्रायव्हर टाकला, पाटी पुन्हा दिसली नाही. तुम्हाला असं शोधायचं असेल तर टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये वरच्या पट्टीवर राइट क्लिक करून 'कमिट साइझ' हा रकाना जोडा. नेहमीच्या 'मेमरी' रकान्यात अशी गळती पुरती दिसत नाही, कारण गळलेला बराचसा माल पेज फाइलमध्ये जाऊन बसलेला असतो.

लिनक्स वापरणाऱ्यांसाठी एक ओळ: लिनक्स मुळातच जागेपेक्षा जास्त पत्रिका वाटतं, आणि सगळे खरंच आले तर एखाद्या जड पाहुण्याला उठवून बाहेर काढतं. त्यामुळे वरचा हिशेब जसाच्या तसा तिथे लावू नका. तिथली स्वॅप, म्हणजे तिथला मांडव, हा वेगळा विषय आहे.

राहिली रॅम. ताई, तुमचं काम बघता आणखी ८ जीबी घालाच. खर्च करण्याआधी टास्क मॅनेजरच्या त्याच मेमरीच्या पानावर 'स्लॉट्स यूझ्ड' बघा. '१ ऑफ २' असेल तर एक पट्टी आणली की झालं, '२ ऑफ २' असेल तर दोन्ही बदलाव्या लागतील. तिथेच वेग लिहिलेला असतो. पट्टीवरचं लेबल मोबाइलने फोटो काढून दुकानात दाखवा, म्हणजे डीडीआर३ च्या जागी डीडीआर४ येणार नाही. दोघींच्या खाचा वेगळ्या असतात, बसतच नाहीत. आणि सेटिंग्जमधल्या सिस्टिममध्ये, अबाउटखाली, विंडोज ६४ बिट आहे ना, हे बघून घ्या. जुन्या मशीनवर अजूनही ३२ बिट विंडोज सापडतं. त्याला ४ जीबीच्या वरची रॅम वापरताच येत नाही, आणि घातलेली पट्टी नुसती बसून राहते. रॅम १६ झाल्यावरही पेज फाइलची ती टिक तशीच राहू द्या. दुसऱ्या कुणी मशीनला हात लावणार असेल तर त्याला ती काढू नका म्हणून आधीच सांगा.

तुळशीच्या लग्नानंतर तुमच्याकडे गर्दी सुरू होईल. त्याआधी एक दिवस मुद्दाम सीझनसारखं काम करा: दोन पत्रिका कोरलमध्ये, एक मोठं अल्बमचं पान फोटोशॉपमध्ये, क्रोमवर व्हॉट्सॲप, आणि प्रिंट चालू. तेव्हाचा 'कमिटेड'चा जोडआकडा आणि 'अव्हेलेबल' एका कागदावर लिहून मशीनच्या बाजूला चिकटवा. पुढे कधी मशीन अडलं, तर तो कागद आणि त्या क्षणीचे तेच आकडे मला पाठवा.